गोव्याच्या जनगणनेत आजोबांचे नाव शोधायचे तर

यंदाच्या चवथीला माझा भाचा टोरांटोहून आला होता. माटोळी बांधून, आरत्या आटोपून आम्ही नेवऱ्यांच्या डब्याभोवती बसलो, तेव्हा त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर रकाने आखलेले एक जुने पान होते, कॅनडाच्या १९३१ सालच्या जनगणनेतले. त्यात त्याच्या बायकोच्या पणजोबांचे नाव, वय, धर्म, धंदा, घर स्वतःचे की भाड्याचे, आणि घरात रेडिओ आहे का याचेसुद्धा उत्तर. "मामा, पाच मिनिटांत सापडले, तेही फुकट. आता आईच्या आजोबांचे कुठे शोधू?"

त्याच्या आईचे आजोबा म्हणजे माझेही आजोबा. मी त्याला म्हटले, "शोधू, पण जनगणनेत नव्हे." त्याला ते पटेना. एवढी माणसे दारोदार फिरतात, एवढे कागद भरतात, ते जातात कुठे? प्रश्न रास्त आहे आणि गोव्यातले बरेच जण आपला घराणेवृत्तांत शोधायला बसले की पहिल्यांदा याच भिंतीवर आपटतात.

कॅनडा, अमेरिका, इंग्लंड या देशांत मोजणीदाराने भरलेले मूळ पान जपून ठेवतात. ठरावीक वर्षे ते बंद असते, मग सर्वांना खुले होते. अमेरिकेत हा काळ ७२ वर्षांचा आहे, म्हणून तिथली १९५० ची जनगणना १ एप्रिल २०२२ रोजी उघडली आणि १९६० ची उघडायला २०३२ साल उजाडेल. कॅनडात ९२ वर्षे थांबतात. १९३१ ची पाने १ जून २०२३ ला खुली झाली, म्हणूनच भाच्याला ती इतक्या सहज मिळाली. इंग्लंडात १०० वर्षांची रीत आहे.

आपल्याकडे उलटे आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार मोजणीदाराने लिहिलेली वही वा तक्ता पाहण्याचा हक्क कुणालाच नाही, आणि तो कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. शंभर वर्षांनी उघडेल अशी सोयही नाही. त्याआधीच्या ब्रिटिश अमदानीत तर बेरजा झाल्या की मूळ कागद नष्ट करीत. म्हणजे आजोबांचे भाऊ १९२१ साली मुंबईत गिरगावात राहत असतील, तरी त्या वर्षीच्या जनगणनेत त्यांचे नाव आज सापडायचे नाही. ते मोजले गेले एवढे मात्र नक्की, कारण मुंबईच्या लोकसंख्येत त्यांचा एक आकडा आहे.

गोव्याची गोष्ट आणखी वेगळी. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत इथली शिरगणती पोर्तुगीज करीत. १९०० पासूनच्या मोजण्या पाहिल्या तर १९००, १९१०, १९२१, १९३१, १९४०, १९५० आणि शेवटची १९६० ची. त्यांचे जे हाती लागते ते छापील तक्ते असतात. गावात घरे किती, पुरुष किती, बायका किती, ख्रिस्ती किती, हिंदू किती. नावे नाहीत.

म्हणून हे तक्ते टाकाऊ समजू नयेत. भारतीय जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर जुने अहवाल पीडीएफ स्वरूपात फुकट उतरवून घेता येतात, आणि गोव्याच्या जिल्हा पुस्तिकांत गाववार आकडे असतात. १९१० साली गोव्याची वस्ती ४ लाख ८७ हजारांच्या घरात होती. १९२१ ला ती ४ लाख ७० हजारांच्याही खाली आली. वाढायची सोडून घटली! मधल्या काळात १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ येऊन गेली, आणि मुंबईकडे पोट भरायला जाणाऱ्यांची रीघ होतीच. घरात "तेव्हा आमची चार माणसे एका महिन्यात गेली" अशी गोष्ट सांगत असतील, तर ती कोणत्या वर्षात बसवायची याचा धागा अशा आकड्यांतून मिळतो.

जुन्या पोर्तुगीज कागदांत एक शब्द सारखा येतो, 'फोगु'. अर्थ आग. गावात अमुक फोगु, म्हणजे अमुक चुली, अमुक घरे. आपण मराठीत गाव किती उंबऱ्यांचे म्हणतो, त्यांनी उंबरा न मोजता चूल मोजली. भाऊ वेगळे निघाले की चूल वेगळी होते, तेव्हा मोजायला त्यांचाच शब्द जास्त नेमका म्हणायला हवा.

बाहेर गेलेल्यांची नावे

गोव्यातले नाव गोव्याच्या जनगणनेत नसले, तरी परदेशी गेलेल्याचे नाव त्या देशाच्या जनगणनेत असू शकते. इंग्लंडात मोजणीच्या रात्री माणूस जिथे असेल तिथे तो लिहिला जाई. जहाजेसुद्धा सुटत नसत. इंग्लंडच्या १८८१ च्या जनगणनेत बंदरात नांगरलेल्या जहाजांवरचे खलाशी, स्वयंपाकी, स्टुअर्ड यांचीही मोजणी झाली. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर गोंयकार मोठ्या संख्येने होते, बहुतेक सासष्टी-बार्देशचे ख्रिस्ती.

इंग्लंडच्या नावनिशीवार जनगणना १८४१ पासून आहेत. १९२१ ची २०२२ च्या जानेवारीत उघडली, पण घरी बसून पाहायला पैसे पडतात. १९३१ ची कधीच उघडणार नाही, कारण १९४२ साली ती सगळी जळाली. तारीख होती १९ डिसेंबर, आपल्या मुक्तिदिनाचीच. १९४१ ला महायुद्धामुळे मोजणीच झाली नाही. म्हणजे १९२१ नंतर थेट १९५१. मधली पोकळी भरायला १९३९ च्या सप्टेंबरात शिधापत्रिका आणि ओळखपत्रांसाठी केलेली नोंदणी तेवढी उरते. अमेरिकेतही असेच. तिथली १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीत आणि त्यानंतर जवळजवळ सगळी नष्ट झाली. तेव्हा एखाद्या वर्षी नाव सापडले नाही तर आपलेच चुकले असे समजू नका. आधी त्या वर्षाचे कागद जिवंत आहेत का ते पाहा.

फुकट पाहायचे तर सुरुवात फॅमिलीसर्चपासून करावी. एका अमेरिकन चर्चने चालवलेली ही सेवा आहे. खाते उघडावे लागते, पैसे लागत नाहीत. अमेरिकेची १९५० ची जनगणना तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर खाते न उघडताही पाहता येते. कॅनडाच्या जुन्या जनगणना तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे फुकट आहेत, आयर्लंडच्या १९०१ आणि १९११ च्याही तिथल्या अभिलेखागाराकडे. इंग्लंडच्या १८४१ ते १८९१ च्या जनगणना स्वयंसेवक हाताने उतरवून काढतात, तो प्रकल्प फ्रीसेन. काम अजून अर्धेमुर्धे आहे, काही परगणे भरलेले, काही कोरे.

'फ्री' या शब्दाला मात्र भुलू नये. बऱ्याच ठिकाणी यादीतले नाव फुकट दिसते आणि मूळ पान उघडायला गेले की पाकीट काढावे लागते. पंधरा दिवस मोफत म्हणून कार्डाचा नंबर घेतात आणि सोळाव्या दिवशी पैसे कापतात. माझे एकदा गेले. तेव्हापासून मी आधी सगळे फुकटचे दरवाजे ठोठावतो.

शोधण्याची युक्ती सरावासाठी एका प्रसिद्ध घरावर करून पाहता येईल. साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९१८ साली दुसऱ्यांदा अमेरिकेला गेले तेव्हा मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर बरोबर होते. पुढे गणिती आणि इतिहासकार झालेला हा दामोदर मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला शाळेत जात होता. अमेरिकेची जनगणना १९२० च्या जानेवारीत झाली. आता फॅमिलीसर्चवर 'कोसंबी' टाइप केले की लगेच सापडेल असे धरून बसू नका. मोजणीदाराने दारात उभे राहून जे ऐकले ते लिहिले. पहिले अक्षर 'के' असेल किंवा 'सी', मधला अनुस्वार 'एम' असेल किंवा 'एन', शेवटी 'आय' असेल किंवा 'वाय'. अशा वेळी खात्री असलेली अक्षरे ठेवून बाकीच्यांच्या जागी तारांकन टाकायचे. तरी नाही जमले तर आडनाव सोडूनच द्यायचे आणि जन्मस्थान 'इंडिया', गाव केंब्रिज, वय बारा-तेरा एवढ्यावर शोधायचे. १९२० मध्ये त्या गावात भारतात जन्मलेली मुले असून असून किती असणार? हीच युक्ती गोव्याच्या माणसाला लावताना जन्मस्थान एकदा 'गोवा', एकदा 'पोर्तुगीज इंडिया', एकदा 'ईस्ट इंडीज' आणि एकदा नुसते 'पोर्तुगाल' टाकून पाहावे. नाव नेहमी मूळ पानावर वाचावे, टाइप केलेल्या यादीवर विसंबू नये. १९५० ची यादी तर आधी यंत्राने हस्ताक्षर वाचून केली आणि मग लोकांनी दुरुस्त करीत आणली.

आपल्याच नावाची अनोळखी रूपे

पोर्तुगीज कागदांत हा त्रास दुप्पट होतो. आमच्या घरात 'शेणवी' बोलले जाई, कागदावर 'सिनाय' असे. प्रभूचे 'पोरोबो', कामताचे 'कामोतिम', पैचे 'पोय', नाईकाचे 'नाइके' असे लिहिलेले. 'श' चा उच्चार त्यांनी 'एक्स' या अक्षराने लिहिला, त्यामुळे शेट आडनाव इंग्रजी डोळ्यांना 'क्सेट' असे दिसते. 'क' साठी 'सी' किंवा 'क्यू'. विठ्ठलाचा 'विटोल', रामचंद्राचा 'रामाचोंद्रा'. मुक्तीनंतर एकाच घरातल्या थोरल्याने जुने रूप ठेवले आणि धाकट्याने इंग्रजी वळणाचे घेतले, की दोन सख्ख्या भावांची आडनावे कागदावर परकी होतात. म्हणून शोधायला बसण्याआधी आडनावाची सुचतील तेवढी रूपे वहीत लिहून काढावीत. मी माझ्या आडनावाची नऊ काढली होती, सापडले ते दहाव्यात.

भाषा येत नाही म्हणून घाबरू नये. नोंदीचा साचा ठरलेला असतो, दहाबारा शब्द कळले की पुरे. 'फिल्यु दे' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'नातुराल दे' म्हणजे मूळ अमक्या गावचा, 'सोल्तेइरू' अविवाहित, 'काझादु' विवाहित, 'व्हियूव्हा' विधवा, 'फालेसिदु' मयत, 'प्रोप्रिएतारियु' म्हणजे आपल्या भाषेत भाटकार, जमीनमालक. आणि सगळ्यांत मोलाचा शब्द 'आव्होश', आजी-आजोबा. तो का, ते पुढे येईल.

जनगणनेचे काम करणारे इतर कागद

हिंदू घरांसाठी माझ्या मते पहिला दरवाजा कुलदेवाच्या देवस्थानाचा. पोर्तुगीजांनी देवालयांसाठी नियम केले, ते १९३३ साली नव्याने बांधले आणि ते आजही लागू आहेत. त्यांत प्रत्येक देवस्थानच्या महाजनांची, म्हणजे देवळाच्या हक्कदार सभासदांची, यादी ठेवणे आले. कोण महाजन, कुणाचा मुलगा, राहायला कुठे. मुलगा वयात आला की नाव चढवायचे. यादी पुरुष वंशाने चालत आल्यामुळे ती सलग वाचली तर वंशावळच उभी राहते. एक प्रत देवस्थानाकडे असते, आणि मामलेदार हा देवालयांचा प्रशासक, त्यामुळे काही कागद त्याच्या कार्यालयातही सापडतात. हे ऑनलाइन नाही. मुनीमाला गाठायचे, नारळ ठेवायचा, आणि देवस्थान समितीच्या निवडणुकीच्या वर्षी जाऊ नये, कारण तेव्हा यादी मागणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहतात.

तसाच कागद कोमुनिदादीचा, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचा. तिच्या सभासदांची, म्हणजे गांवकारांची, नावे ज़ोण (उत्पन्नातला वाटा) वाटण्यासाठी नोंदलेली असतात, आणि वाटणीचा पैसा असला की नोंदी काटेकोर होतात.

पण हे दोन्ही दरवाजे महाजन आणि गांवकारांसाठी आहेत. ज्याचे आजोबा मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारे, होते, कूळ होते, देवळात सेवा करीत होते पण महाजन नव्हते, त्याला या याद्यांत काहीच मिळत नाही. गोव्यातल्या बहुतेक घरांची हीच कथा आहे. अशांनी जमिनीच्या कागदाकडे वळावे. एक-चौदाचा उतारा सरकारच्या संकेतस्थळावर सर्व्हे क्रमांक टाकून पाहता येतो, त्यात मालकाबरोबर कुळाचाही रकाना आहे. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यांच्याखाली जे दावे चालले, त्यांच्या फायलींत 'माझा बाप आणि त्याचा बाप याच घरात राहिले' हे सिद्ध करण्यासाठी लोकांनी तीन-तीन पिढ्या लिहून दिल्या आहेत.

ऑनलाइन, फुकट आणि नावनिशीवार असा जनगणनेला सगळ्यांत जवळचा भारतीय कागद म्हणजे मतदार यादी. मतदाराचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, घर क्रमांक. २०२५ च्या नोव्हेंबरात गोव्यात मतदार याद्यांची सखोल फेरतपासणी सुरू झाली, तेव्हा जुनी यादी लोकांना पाहायला खुली करण्यात आली. लोकांनी ती स्वतःचे मत वाचवायला उघडली. तुम्ही ती आजीसाठी उघडा. वीसेक वर्षांपूर्वी वारलेल्या माणसांचे त्यात वय आहे, त्यावरून जन्मसाल काढता येते. जुन्या बायकांची वये अंदाजाने टाकलेली असतात, तेव्हा चार-पाच वर्षे इकडेतिकडे धरावीत.

जुन्या काबिजादींत, म्हणजे तिसवाडी, बार्देश, सासष्टीत, चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न, मृत्यूच्या वह्या आहेत. शिवाय 'रोल' नावाची यादी असे. उपवासाच्या काळात कोणी पापनिवेदन केले ते तपासायला पाद्री घरागणिक माणसे लिहून काढी. ती खरोखरची शिरगणतीच. फॅमिलीसर्चवर अशा वह्या धुंडाळायच्या तर माणसाच्या नावाने न शोधता कॅटलॉगमध्ये जागेच्या नावाने शोधावे, कारण ज्या प्रतिमांतली नावे कुणी टाइप केलेली नाहीत त्या नावाने सहसा सापडत नाहीत. काही प्रतिमांवर कुलूप दिसते, त्या फक्त त्यांच्या केंद्रांत किंवा संलग्न ग्रंथालयात बसून पाहता येतात. पोर्तुगालला किंवा मोझांबिकला गेलेल्या नातेवाइकासाठी लिस्बनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे डिजितार्क पाहावे, तेही मोफत.

पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाने जुनी वृत्तपत्रे डिजिटल केली आहेत. १८३७ पासून निघणाऱ्या सरकारी बुलेतीनात वारसाच्या, जमिनीच्या, महाजनांच्या सभांच्या जाहिराती येत, त्यांत कित्येक घरांची नावे विखुरलेली आहेत. यात शोधायला मात्र फुरसत हवी. पावसाळा बरा.

आता 'आव्होश'. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गोव्यात जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंदणी सर्वांसाठी सुरू झाली, आणि पोर्तुगीज पद्धतीच्या जन्मनोंदीत आई-बापाबरोबर बापाकडचे आजी-आजोबा आणि आईकडचे आजी-आजोबा अशी चौघांचीही नावे असतात. एका कागदावर तीन पिढ्या, आणि बायकांसकट. जगातल्या फार थोड्या जनगणना एवढे देतात. या नोंदी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे आणि जुन्या वह्या पणजीच्या पुराभिलेख खात्यात असतात. तिथे गर्दी दिसेल, पण ती वंशावळीसाठी नसते, पोर्तुगीज पासपोर्टासाठी असते. १९६१ पूर्वीच्या नोंदीवर त्यांचे सगळे अवलंबून. त्यामुळे जाताना वर्ष, गाव आणि बापाचे नाव पक्के करून जावे. एका कार्यालयात मी 'साधारण १९३० च्या आसपास' एवढेच म्हणालो, तर कारकुनाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि पुढच्याला बोलावले.

घरातले आधी विचारून घ्यावे असे सगळेच सांगतात. काय विचारायचे ते मी सांगतो. जन्मतारीख विचारू नका, ती कुणालाच आठवत नाही. माहेर कुठले, लग्न कुणाच्या घरात लागले, बारशाला कोण आले, घरावर जप्ती आली होती का, भाटाचा वाद कोर्टात गेला होता का, हे विचारा. इथे माणूस वारला आणि वाटण्या करायच्या म्हटल्या की 'इन्व्हेंतार', म्हणजे मालमत्तेच्या वाटणीचे कोर्टातले काम, होते. त्या फायलीत सगळे वारस येतात, मुलीसुद्धा, कारण इथल्या कायद्याने मुलीला वाटा आहे. भांडकुदळ घराण्यांची वंशावळ नेहमी पूर्ण असते.

भाच्याला मी देवस्थानात नेले. महाजनांच्या यादीत माझे आजोबा, वडील, मी, माझा मुलगा असे चौघे त्याने ओळीत पाहिले. मग त्याने आपल्या आईचे नाव शोधले. ते तिथे नव्हते, नसणारच होते. आजीचेही नव्हते. तिथून आम्ही रजिस्ट्रारकडे गेलो, आजी-आजोबांच्या लग्नाची नोंद काढायला. आजी आम्हांला लक्ष्मी म्हणून ठाऊक, पण ते लग्नातले नाव. माहेरचे नाव घरात एका आत्यालाच आठवत होते आणि तिच्या आठवणीवर माझा फारसा भरवसा नव्हता. आपल्याकडे लग्नाच्या दोन सह्या असतात, आधी इराद्याची आणि मग पक्की. वहीत दोन्ही ठिकाणी आजोबांची मोडीतली सही होती. खाली आजीचा अंगठा, आणि शेजारी कारकुनाच्या वळणदार अक्षरांत तिचे माहेरचे नाव, आत्याने सांगितलेले तेच, बापाचे नाव, आईचे नाव, आणि गाव पेडण्यातले, जिथे आमच्यापैकी कुणी कधीच गेलेले नाही.